फटीतले शेजारी

कामोठ्यात दिवेलागणीला मान वर करून पाहणारी माणसं फारशी भेटत नाहीत. मानसरोवर स्थानकातून बाहेर पडलेली गर्दी रिक्षाच्या रांगेकडे निघालेली असते, खांदेश्वरकडून येणारे भाजीच्या गाड्यांपाशी रेंगाळलेले असतात आणि सोसायट्यांच्या आवारात मुलांचा शेवटचा डाव ऐन रंगात आलेला असतो. कावळे झाडांवर टेकलेले, पण काळोख अजून पुरता पडलेला नाही, अशा त्या दहा-पंधरा मिनिटांत इमारतीच्या दोन विंगांमधल्या सांध्यातून एक काळा ठिपका सुटतो. सुटतो म्हणजे आधी सरळ खाली पडतो. हातभर खाली आल्यावर पंख उघडतो, वळतो आणि रस्त्यावरच्या दिव्याभोवती गिरक्या घेऊ लागतो. त्याच्या मागून दुसरा, मग एकदम तीन-चार. पाहणाऱ्याला वाटतं चिमणी असेल. पण चिमण्या तोवर झोपी गेलेल्या असतात.

ही लहान वटवाघळं. कोकणात त्यांना पाकोळ्या म्हणतात. पाकोळी नावाचा पक्षीही आहे, पण या लेखात पाकोळी म्हणजे वटवाघूळच. वटवाघूळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वडा-पिंपळावर लटकलेलं, किलोभर वजनाचं, कोल्ह्याच्या तोंडाचं जनावर येतं. ते फळं खाणारं. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या फळांवर जगणाऱ्या जेमतेम तेरा-चौदा. बाकीच्या जवळपास सगळ्या किड्यांवर जगतात आणि त्यांतल्या पुष्कळशा आपल्या घराच्या भिंतींत राहतात. कोकणात घरांच्या आसऱ्याने राहणाऱ्यांत पिपिस्ट्रेल या गटातल्या जाती सर्वांत जास्त आढळतात. त्यातली सर्वांत छोटी अवघी तीन-चार ग्रॅमची, म्हणजे आपल्या खिशातल्या रुपयाच्या नाण्याच्या वजनाची. तिच्याहून थोडी मोठी केलार्टची पिपिस्ट्रेल. त्यांच्याच जोडीला पोटाकडून पिवळसर दिसणारं, अंगाने भरलेलं एक घरवाघूळही असतं.

रात्री दिव्याच्या ओढीने आलेल्या किड्यांमागे एखादी पाकोळी खिडकीतून घरात येते आणि गोंधळ उडतो. पंखा बंद करा, घरातले दिवे मालवा, खिडक्या सताड उघडा, ती आपसूक बाहेर जाते. थकून पडद्याला चिकटली, तर तिला जवळून नीट पाहता येतं. अंग अंगठ्याएवढं, त्यावर दाट तपकिरी लव. पंख म्हणजे ताणलेली कातडी आणि त्या कातडीतून चार लांबच लांब बोटं आरपार दिसतात. पाचवं बोट, म्हणजे अंगठा, बाहेर मोकळा. त्याला नखी असते आणि तिच्याच आधाराने ती पडद्यावर चढते. कानाच्या आत एक छोटी उभी पाकळी असते, प्रतिध्वनी कुठून आला हे ओळखायला तिची मदत होते. डोळे मोहरीएवढे, पण आंधळे नाहीत. शेपटी पूर्णपणे कातडीच्या पडद्यात गुंतलेली असते. किडा पकडताना तो पडदा झोळीसारखा वापरला जातो. हे सगळं पाहावं, पण उघड्या हाताने तिला धरू नये. घाबरलेला प्राणी चावतो.

आता प्रश्न असा की या पाकोळ्या कामोठ्यात आल्या कुठून? त्या आल्या नाहीत, त्या इथल्याच आहेत. आपण नंतर आलो.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. त्याआधी पनवेल खाडीच्या काठची ही जमीन आगरी-कोळी गावांची होती. कामोठे, जुई यांसारखी गावं, भोवती खारबांदिस्तीने राखलेली भातखाचरं, भरती-ओहोटीचं पाणी सोडायला-अडवायला उघाड्या, तळ्यांत वाढवलेला जिताडा आणि पलीकडे खारफुटीचं रान. पाकोळीला लागणारं सगळं तिथे होतं. कौलांखालच्या सांदी, माडाच्या लोंबत्या सुक्या झावळ्या, जुन्या वडाच्या ढोल्या, देवळाच्या तुळया. खाचरांवर आणि खाडीवर संध्याकाळी उठणारे किडे. आणि काळोख.

मग शहर आलं. जमिनी गेल्या, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले आणि त्या लढ्यातून प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित जमीन देण्याची योजना उभी राहिली. कामोठ्यातल्या बऱ्याच इमारती अशा साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर आहेत. छोटे छोटे भूखंड, प्रत्येकाचा बिल्डर वेगळा, इमारतीला इमारत लागून. नियोजनकार यावर नाक मुरडतात आणि रहिवाशांना हवा-उजेडाची तक्रार असते, ती खरीच आहे. पण पाकोळीच्या बाजूने पाहिलं तर कामोठे म्हणजे फटींचं गाव आहे. दोन विंगांमधला प्रसरणसांधा, पाइपांचा डक्ट, एसी काढून नेल्यावर भिंतीत राहिलेलं भोक, दुकानाच्या पाटीमागची जागा, गुंडाळलेल्या शटरची पेटी, छज्ज्याखाली सुटलेल्या प्लास्टरची कपार. हिला करंगळी शिरेल एवढी फट पुरते. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रीही ऊब धरून ठेवतं आणि अंगावर लव नसलेल्या पिल्लांना ती ऊब लागतेच. कौलारू घर गेलं तसं तिने काँक्रीटशी जमवून घेतलं. सगळ्या जातींना हे जमलेलं नाही. गुहेत राहणाऱ्या, पानांच्या द्रोणात राहणाऱ्या, गर्द झाडीत शिकार करणाऱ्या जाती शहर आलं की निघून जातात. पाकोळी राहिली म्हणून बाकीचं सगळं ठीक आहे असं मानायला जागा नाही.

तुमच्या इमारतीत त्या आहेत की नाहीत, हे खिडकीच्या कट्ट्यावरच कळतं. सकाळी तिथे काळ्या बारीक लेंड्या पडलेल्या असतात. बहुतेक घरांत उंदरांचा संशय घेतला जातो आणि औषध आणलं जातं. एक लेंडी कागदावर घेऊन काडीने दाबून पाहा. उंदराची घट्ट असते, चुरत नाही. पालीच्या लेंडीला एका टोकाला पांढरा ठिपका असतो. पाकोळीची मात्र भुगा होऊन पसरते आणि उजेडात धरलं तर त्या भुग्यात काहीतरी चमकतं. ते किड्यांच्या पंखांचे आणि ढालीसारख्या पाठींचे तुकडे असतात. काल रात्री तुमच्या गल्लीत काय उडत होतं, त्याचा हिशेब त्या भुग्यात असतो. (साफ करताना मात्र कोरडा झाडू मारू नका. आधी पाणी शिंपडा आणि तोंडाला फडकं किंवा मास्क बांधा. साचलेल्या विष्ठेच्या धुळीत बुरशी असू शकते आणि ती फुप्फुसांना बाधते.)

या जिवांचा अभ्यास आपल्याकडे झाला नाही असा समज आहे, तो चुकीचा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ च्या सुमारास देशभरातल्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीचं काम हाती घेतलं. त्याच काळात, १९१२ मध्ये, एस. एच. प्रेटर यांना बेळगाव जिल्ह्यातल्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत एक मोठ्या कानांचं वटवाघूळ सापडलं. ओल्डफील्ड थॉमस यांनी पुढच्या वर्षी त्याला प्राणी-अभ्यासक रौटन यांचं नाव दिलं. पुढची कित्येक दशकं ते जगात फक्त त्या गुहांतून माहीत होतं. १९६२-६३ मध्ये आंद्रे ब्रोसे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. पश्चिम भारतातल्या लेण्यांकडे आणि पडक्या वास्तूंकडे प्राण्यांची घरं म्हणून पाहायला त्या लेखांनी शिकवलं.

पण माझ्या मते सर्वांत विलक्षण काम नागपुरात झालं. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वटवाघळांच्या प्रजननावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. गोपालकृष्ण आणि माधवन यांनी १९७१ मध्ये केलार्टच्या पिपिस्ट्रेलबद्दल दाखवून दिलं, की समागमानंतर नराचे शुक्रजंतू मादीच्या शरीरात काही आठवडे जिवंत राहतात आणि गर्भधारणा त्यानंतर होते. थंड देशांतली वटवाघळं हिवाळाभर झोपतात, म्हणून त्यांच्यात अशी सोय असते हे ठाऊक होतं. आपल्याकडची पाकोळी तशी झोपत नाही, तरी तिच्यात ती आहे. पावसाच्या तोंडाशी जोडी जमते आणि पावसाळा सरता सरता पिल्लं येतात, बहुधा जुळी. किड्यांचा सुकाळ असतो तेव्हा आईला दूध यावं असा हा बेत. सर्वांत छोटी पिपिस्ट्रेल मात्र वर्षातून एकाहून अधिक वेळा विते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

वटवाघूळ अंधारात ऐकून वाट काढतं, हे इटलीच्या स्पालान्झानी यांनी १७९० च्या दशकातच ताडलं होतं. त्यांनी डोळे झाकलेली वटवाघळं सोडली, ती सुखरूप उडाली. कान बंद केले, तर ती आपटली. कारण काही सापडेना. ते सापडलं अमेरिकेत १९३८ नंतर. डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने नवं ध्वनियंत्र वटवाघळांपुढे धरलं आणि माणसाला न ऐकू येणारा कल्लोळ पहिल्यांदा ऐकला. त्याच्या हाताशी होती ती तिथली छोटी तपकिरी वटवाघळं, आपल्या पाकोळीची दूरची नातलग. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. पाकोळीची हाक साधारण चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असते. किडा लांब असताना ती अंतरा-अंतराने हाका देते. तो टप्प्यात आला की हाका इतक्या जलद होतात की यंत्रातून एकच सलग गुंजन ऐकू येतं. सेकंदाला दीडशे-दोनशे हाका, आणि गुंजन थांबलं की किडा संपलेला असतो. रस्त्यावरच्या दिव्याखाली हे रात्रभर चालतं आणि खाली उभ्या माणसाला त्यातलं काहीही ऐकू येत नाही.

कामोठ्यातला माणूस यावर पहिला प्रश्न विचारणार डासांचा, आणि तो रास्त आहे. खाडीकाठ, साचलेली गटारं, बांधकामांवरची पाण्याची डबकी. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवायची सोय नाही. वटवाघूळ तासाला हजार डास खातं, असं समाजमाध्यमांवर सर्रास लिहिलेलं असतं. तो आकडा जपून घ्यावा. ग्रिफिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये बंद खोलीत डास आणि माश्या सोडून वटवाघळांचं वजन किती वाढतं ते मोजलं, आणि त्या काही मिनिटांच्या प्रयोगावरून पुढे लोकांनी तासांचे हिशेब मांडले. मोकळ्या आकाशात पाकोळी समोर येईल ते खाते. बारीक पतंग, भुंगेरे, उडत्या मुंग्या, पावसाच्या सुरुवातीला वाळवीची पाखरं आणि डाससुद्धा. रात्री उडणारे डास तिच्या तावडीत येतात. डेंग्यूचा एडिस मुख्यतः दिवसा चावतो, तेव्हा ही झोपलेली असते. त्यामुळे पाकोळ्या आहेत म्हणून कुंडीखालची बशी रिकामी करायची नाही, असं कुणी समजू नये. ती एकटी डास संपवणार नाही. ती नसेल तर मात्र किड्यांवरचा रात्रीचा एक पहारा कमी होईल.

तो पहारा उठला की काय होतं, याची नोंद जगात झाली आहे. २००६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. थंडीत झोपलेल्या वटवाघळांना ती बुरशी मध्येच जागं करते, साठवलेली चरबी संपते आणि ती उपाशी मरतात. काही वर्षांत लाखोंच्या संख्येने वटवाघळं गेली. त्या छोट्या तपकिरी वटवाघळाच्या तर कित्येक वसाहतींतली दहातली नऊ उरली नाहीत. शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ एयल फ्रँक यांनी २०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की जिथे ही वटवाघळं मेली तिथे शेतकऱ्यांनी कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढवला आणि त्याच भागांत बालमृत्यू जवळजवळ ८ टक्क्यांनी वाढले. वटवाघूळ गेलं, फवारा आला, पाण्या-हवेतून विष घरात आलं. कोकणात तशी थंडी पडत नाही, त्यामुळे ती बुरशी इथे रुजण्याची भीती नाही. आपण वटवाघळं घालवतो त्या रीती वेगळ्या आहेत.

उलट दिशेचा अनुभव भातवाल्या आपल्या रायगडाने ऐकण्यासारखा आहे. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाशी भातशेती आहे. तिथे खोडकिड्याने पिकं पोखरायची. शेतात लाकडी पेट्या लावल्या, त्यांत पिपिस्ट्रेल येऊन राहिल्या, किड्यांच्या थव्यांवर तुटून पडल्या आणि खोडकिडा आटोक्यात आला. पनवेल, उरण, पेणच्या भाताला खोडकिडा नवा नाही आणि पाकोळ्याही नव्या नाहीत. पेटी लावून पाहायला फळीचा खर्च तेवढा येईल. तालुक्याच्या कृषी खात्याने हा प्रयोग करायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

भीतीबद्दल आडपडदा न ठेवता बोललं पाहिजे. २०२० मध्ये करोना आला आणि देशात ठिकठिकाणी वटवाघळं हुसकली, मारली गेली. त्या एप्रिलमध्ये दक्षिण आशियातल्या सहा देशांतल्या ६४ अभ्यासकांना पत्रक काढून सांगावं लागलं, की ही साथ वटवाघळांना मारून थांबणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसरातल्या गुहांतून नमुने घेतले आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात तिथल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा नोंदवल्या. त्यात फळखाऊ जातीसोबत पिपिस्ट्रेलचंही नाव आहे. हे लपवण्याचं कारण नाही. पण त्याचा अर्थ नीट लावावा. निपाह माणसात येतो तो वटवाघळांनी उष्टावलेलं फळ, ताडी-खजुरीचा रस, आजारी जनावर किंवा आजारी माणूस यांच्या निकट संपर्कातून. सांध्यात राहणारी आणि किडे खाणारी पाकोळी तुमच्या ताटापर्यंत येत नाही. रेबीजचंही तसंच. आपल्याकडे माणसाला रेबीज होतो तो जवळपास नेहमी कुत्र्यामुळे. तरी वटवाघूळ चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा. न हाताळणं ही दोघांच्याही भल्याची गोष्ट आहे. त्यांना घाबरवून, धूर करून, बांबूने ढोसून फटीतून बाहेर काढणं, यातच संपर्काचा धोका सर्वांत जास्त.

कायद्यानेही यांना बराच काळ वाऱ्यावर सोडलं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत ‘उपद्रवी’ म्हणून पाचव्या परिशिष्टात बसवली होती. रौटनच्या वटवाघळासारखे अपवाद सोडले तर कीटकखाऊंचा विचारच झाला नाही. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ते उपद्रवींचं परिशिष्ट गेलं. पण इमारतीच्या सांध्यातल्या पाकोळीपर्यंत कुठलाही कायदा पोहोचायला वेळ लागतो. तिथे निर्णय सोसायटीची कमिटी घेते.

आणि तिथेच खरी गोम आहे. कामोठ्यातल्या पुष्कळ इमारती आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. गळती लागली आहे. दिवाळी उरकली की परांच्या बांधल्या जातात, सांधे रसायनाने किंवा फोमने भरले जातात, वर रंग चढतो. परांचीवरच्या कामगाराला संध्याकाळी सातला त्या सांध्यातून काय बाहेर पडतं ते माहीत असण्याचं कारण नाही, कारण तो पाचला उतरतो. दिवसा आत झोपलेल्या पाकोळ्या फोमच्या मागे जिवंत गाडल्या जातात. पिल्लं आत आणि आई बाहेर असली, तर आई कित्येक रात्री त्या भिंतीवर येऊन धडकत राहते. मग काही दिवसांनी वास सुटतो, खिडकीत किडे पडतात आणि त्या घरातला माणूस पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करतो. यात कुणाचाच दुष्टावा नाही. एक संध्याकाळ कुणी भिंतीकडे पाहिलं नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट उजेडाची. दिव्याखाली किडे जमतात, म्हणून पाकोळी दिव्याकडे येते हे खरं. पण साऱ्या गल्लीतले किडे दिव्याने ओढून घेतले की काळोखात शिकार करणाऱ्या, उजेड टाळणाऱ्या जातींना काही उरत नाही. शिवाय खारफुटीच्या कडेने काळोखाची जी पट्टी राहते, तिच्यावरून खाडी आणि वस्ती यांच्यात येणं-जाणं चालतं. खाडीपलीकडे उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तिथली दहा गावं उठली, आणि त्यांच्यासोबत कौलं, झावळ्या, ढोल्याही गेल्या. आता खाडीच्या अलीकडच्या काठावर, कामोठे-खारघरच्या बाजूला जी खारफुटी आणि जो काळोख उरला आहे, तो राखणं आपल्या हातात आहे. खाडीकडे तोंड करून लावलेल्या प्रखर दिव्यांना वरून झाकण घालून उजेड फक्त रस्त्यावर पडेल असं करणं पनवेल महापालिकेला जड नाही.

सोसायटीला करायचं आहे ते याहून सोपं. दुरुस्तीचं कंत्राट देण्याआधी लागोपाठ तीन-चार संध्याकाळी दोन-तीन जणांनी इमारतीच्या चारी बाजूंना सूर्यास्तापासून अर्धा तास उभं राहावं आणि कुठल्या फटीतून काय बाहेर येतं ते लिहून ठेवावं. लहान मुलांना सोबत घ्या, त्यांचे डोळे तयार असतात. ज्या फटीत पाकोळ्या आहेत पण पाणी गळत नाही, ती तशीच राहू द्या. ती बुजवणं भागच असेल तर जून ते ऑक्टोबर हे महिने टाळा, आणि इतर वेळीही आत पिल्लं नाहीत याची खात्री करा, कारण छोटी पिपिस्ट्रेल वर्षात पुन्हा वीत असते. मग फटीच्या तोंडावर वरून घट्ट बांधलेली, खाली मोकळी सोडलेली बारीक जाळी लावा. बाहेर पडणारी पाकोळी खालून निसटते, पण परत आत शिरू शकत नाही. पाच-सहा रात्री काहीच बाहेर आलं नाही की फट भरा. आणि जवळच, जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर, दुपारचं ऊन थेट लागणार नाही अशा भिंतीवर, खरखरीत फळ्यांची, आत दोन सेंटिमीटर पोकळी ठेवलेली, खालून उघडी पेटी टांगा. पेटीला रंग किंवा पॉलिश लावू नका.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा दुरुस्त्यांचा मोसम सुरू होत असेल. तुमच्या सोसायटीच्या सभेत वॉटरप्रूफिंगचा विषय आला, तर ठरावात एवढी एक ओळ घालून घ्या: सांधे भरण्याआधी संध्याकाळी पाहणी करावी आणि पाकोळ्या दिसल्यास त्या बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत काम थांबवावं. कंत्राटदार ती ओळ पाळतो. पण ती लिहिलेली लागते.